सगळ्यांनाच 'मानसोपचारतज्ज्ञ' लिहू नका

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात बारावीच्या पोरांच्या टेन्शनवर लेख आला होता. लेख चांगलाच होता, झोप, मोबाईल, अभ्यास सगळं बरोबर लिहिलं होतं, पण लिहिणाऱ्यांच्या नावाखाली 'मानसोपचारतज्ज्ञ' छापलं आणि लेखात तर त्यांनी स्वतःच सांगितलंय की समुपदेशनाचा एक वर्षाचा डिप्लोमा केलाय म्हणून. त्यांनी काही लपवलं नाही, शब्द पेपरवाल्यांनी टाकला असेल. पण या एका शब्दापायी माझ्या घरचे आठ महिने वाया गेले म्हणून हे पत्र लिहून राहिली.

मी यवतमाळ जिल्ह्यात आशा आहे, बारा वर्षं झाली. घरी चार एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. मोठा पोरगा तेव्हा अकरावीत होता, फवारणीच्या दिवसात त्याने बापाला पंप भरून दिला आणि त्या रात्रीपासून त्याचं हात धुणं सुरू झालं. आधी आम्हाला बरंच वाटलं, कारण 2017 च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधेने माणसं गेली ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय, आम्ही आशाच तर घरोघरी सांगतो की हात साबणाने धुवा, कपडे बदला. पोरगा ऐकतो म्हणून मी खुश होती. पण दिवाळी गेली, फवारणी संपली, कापूस घरात आला तरी धुणं चालूच. अर्धा अर्धा तास नळाखाली, आठवड्याला साबणाच्या तीन वड्या, हाताला भेगा पडून रक्त यायचं. लहान बहिणीला जवळ येऊ देईना, तिला विष लागंन म्हणे. दिवसातून चाळीस वेळा विचारायचा, "माय, माह्या हाताले औषध तं नाई ना लागलं?" आणि मी चाळीस वेळा सांगायची, "नाई रे बाप्पा, काहीच नाई लागलं."

कोणी म्हणे बाहेरचं आहे, कोणी म्हणे अभ्यास टाळून राहिला. चामडीच्या डॉक्टरने मलम दिलं. मग तालुक्याला एक बोर्ड दिसला, 'मानसोपचार केंद्र', आत बसणाऱ्यांच्या नावाखाली तज्ज्ञ लिहिलेलं. मला वाटलं सापडला माणूस. दर वेळी पाचशे रुपये, आठ महिने. माणूस प्रेमाने बोलायचा, खोटं कशाला सांगू, पोराला समजवायचा की तुझे हात स्वच्छ आहेत, वाईट विचार आला की दुसरीकडे लक्ष घाल, मन खंबीर ठेव. पोरगा दोन दिवस शांत राहायचा अन् तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जास्त. पुढे कळलं की या आजारात 'हात स्वच्छ आहेत' हे परत परत सांगणं म्हणजे आजाराला चारा घालणं आहे. घरी मी तेच करत होती आणि तिथंही तेच होत होतं.

शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. तिथल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, ओसीडी हे नाव सांगितलं, म्हणजे नको तो विचार परत परत येणं अन् त्यापायी तेच काम परत परत करणं, गोळी लिहून दिली, म्हणाले असर दिसायला काही आठवडे लागतात, मधात बंद करू नका. आणि म्हणाले गोळीसोबत थेरपी लागेल, ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट देतील, अन् नागपूरची चिठ्ठी दिली. माझ्या डोळ्यात पाणी आलं, म्हटलं आता हे कोण अजून? मानसोपचारतज्ज्ञ तर झाले ना आठ महिने!

ते डॉक्टर सायकियाट्रिस्ट होते, मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे आधी एमबीबीएस अन् त्यावर मनोविकाराची एमडी किंवा तशी डिग्री. ते डॉक्टर असल्यानं गोळ्या लिहू शकतात, आणि थायरॉईडमुळे माणूस उदास राहते का, शरीराचं काही दुसरं आहे का हे पण तपासतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट एमबीबीएस नसतात, गोळ्या लिहीत नाहीत. त्यांचं मानसशास्त्रात एमए आणि त्यावर दोन वर्षांचं फुलटाईम एम.फिल., तेही हाताखाली खरे पेशंट घेऊन, वरिष्ठांच्या देखरेखीत. आजार ओळखणं, चाचण्या घेणं आणि थेरपी देणं हे त्यांचं काम. 2017 च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यात त्यांची व्याख्याच दिलेली आहे, आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया म्हणजे आरसीआयकडे नाव नोंदलेलं लागते, तिथला नंबर मिळते. तो नंबर विचारायचा आपल्याला हक्क आहे हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर.

समुपदेशकाला असं एक ठरलेलं शिक्षण नाही, कोणी एमए केलेलं असते तर कोणी सहा महिन्यांचा कोर्स. मी त्यांना कमी लेखत नाही. नवरा-बायकोचं भांडण, परीक्षेची भीती, कर्जाने खचलेला माणूस, त्याच्याजवळ बसून ऐकणारं कोणी पाहिजेच, आणि अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' नावाच्या प्रकल्पात गावातल्याच माणसांना शिकवून डिप्रेशनवर काम झालं अन् आधीपेक्षा कितीतरी जास्त लोक उपचाराला पुढे आले. पण त्या माणसांच्या मागे तज्ज्ञ उभे होते, कोणता पेशंट आपल्या हातचा नाही अन् कुठं पाठवायचा ते ठरलेलं होतं. तालुक्याच्या त्या बोर्डामागे असं कोणी नव्हतं. आणि झटके येणाऱ्या पेशंटचा न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू अन् नसांचा डॉक्टर, तर वेगळाच, आमच्याकडे त्यालाही 'डोक्याचा डॉक्टर' म्हणतात अन् फिटचं लेकरू मनोविकारच्या लाईनीत दिवसभर बसून राहते.

नागपूरच्या मॅडमनी पहिले दोन वेळा फक्त विचारलं अन् लिहून घेतलं. काय केलं की किती भीती वाटते, शंभरपैकी किती, अशी पोराकडूनच यादी करून घेतली. सगळ्यात खाली कोठ्याच्या दाराची कडी, मधात पंप टांगायची खुंटी, वर बहिणीच्या ताटाला हात लावणं. फवारणीच्या औषधाचा डबा यादीत घेतलाच नाही, म्हणाल्या ते खरंच विष आहे, ते उघड्या हाताने कोणीच धरू नये, भीती खरी कुठं आहे अन् आजार कुठं सुरू होते हेच त्याला कळलं पाहिजे. मग कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. भीती चढते, चढू द्यायची, थांबलं की ती आपोआप उतरते, हे पोराने स्वतः घड्याळ लावून पाहिलं. आणि मला सांगितलं की तो विचारेल तेव्हा उत्तर द्यायचं नाही. पोरगा रडून विचारून राहिला अन् माय गप, ते मला सगळ्यात जड गेलं. वेळ लागला, पण मागच्या हंगामात तो आमच्यासोबत कापूस वेचायला आला, बहिणीच्या डब्यातली भाकर खाल्ली.

चाचण्यांचंही तसंच आहे. आमच्या वस्तीवरची एक पोरगी सात वर्षांची, बोलणं उशिरा, शाळेत मागे. तिच्या अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी बुद्ध्यांकाची चाचणी लागली, सोबत आईला विचारून एक चाचणी भरतात, लेकरू आपल्या हाताने जेवते का, कपडे घालते का, त्यावरून सामाजिक वय काढतात. ही व्हाईनलंड चाचणी भारतासाठी बसवली ती आपल्या नागपुरात, डॉ. मालिन यांनी. आणि आज विदर्भातल्याच खेड्यातल्या मायला ती करून घ्यायला मजुरी पाडून दोन एस्टी बदलाव्या लागतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीममध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद धरलेलं असते, तर ते भरलेलं असावं आणि त्यांनी आठवड्यातून एक दिवस तरी उपजिल्हा रुग्णालयात बसावं. आता एम.फिल.ही यूजीसीने म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने बंद केलं, क्लिनिकल सायकॉलॉजीला तेवढी 2025-26 पर्यंत मुदत दिली होती, पुढे नवीन कोर्सवाले येतील. त्यांच्यातले किती आमच्याकडे येतील याची मला लई काळजी वाटते.

तुमच्याकडे एवढंच मागते. मनोविकारतज्ज्ञ असेल तर तसं छापा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर तसं अन् आरसीआय नंबर, समुपदेशक असेल तर समुपदेशक. आणि अशा प्रत्येक लेखाखाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 नंबर टाका, फुकट आहे, रात्रीही चालू असते, मराठीत बोलतात. आमच्या गावात पेपर एका पानटपरीवर येतो अन् दहा जण वाचतात.

पोराचं पुढचं शिक्षण चालू आहे म्हणून माझं नाव अन् गाव छापू नका, जिल्हा चालेल.

आपली,
एक आशा स्वयंसेविका, जि. यवतमाळ