२२.४ने गुणू नका, इथला दाब मोजा

महोदय,

अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकांत वायूचे आकारमान विचारले की मुले मोलसंख्येला (मोल म्हणजे कणांची ठरावीक मोठी संख्या) सरळ २२.४ने गुणतात. हा आकडा म्हणजे एक मोल वायूचे लिटरमधले आकारमान, पण ते ० अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर (सुमारे १०१३ मिलिबार) दाबाला. आपल्या मराठवाड्यात ना ते तापमान, ना तो दाब. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच आहे; मे महिन्यात ४२ अंशांना इथे एक मोल वायू जवळजवळ २८ लिटर जागा घेतो.

मॅग्नेशियमच्या फितीचा प्रयोग पाहा. २४.३ मिलिग्रॅम फीत भरपूर विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळली की ०.००१ मोल हायड्रोजन निघतो. तो पाण्यावर उलट्या धरलेल्या नळीत जमा केला, तापमान ३० अंश आणि हवेचा दाब ९४० मिलिबार आहे असे समजू. नळीत हायड्रोजनबरोबर पाण्याची वाफही असते. ३० अंशांना तिचा दाब ४२ मिलिबार. तो वजा केल्यावर उरले ८९८. आता आदर्श वायू समीकरण, म्हणजे मोल × वायू स्थिरांक (मिलिबार आणि लिटरसाठी ८३.१४) × केल्विन तापमान (३० + २७३) ÷ दाब: ०.००१ × ८३.१४ × ३०३ ÷ ८९८ = ०.०२८ लिटर, म्हणजे २८ मिली. मुलांना नळीत दिसतात तेही २८च. पण पुस्तकी हिशेब २२.४ मिली सांगतो, म्हणून बरोबर आलेले वाचन खोडून वहीत चुकीचे लिहिले जाते. याचे फार वाईट वाटते.

सर्वांत फसवा असतो तो दाबाचा आकडा. हवामानाच्या बातमीत येणारा दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. तिथे १००२ मिलिबार दिसले, तर दर शंभर मीटरला साधारण ११ या हिशेबाने संभाजीनगरला ६२ वजा करावे लागतात. नांदेड बरेच सखल, तिथे ४०च्या आसपास पुरतात. प्रयोगशाळेतच दाबमापक असेल तर ही वजावट करायची नाही.

बाकी चुका नेहमीच्याच: केल्विनसाठी सेल्सिअस तापमानात २७३ न मिळवणे, किंवा ॲटमॉस्फिअरचा ०.०८२१ हा वायू स्थिरांक बारमधल्या दाबाला लावणे. वाचन घेताना नळीच्या आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी एक करायला हवी. आतले पाणी दहा सेंटिमीटर वर राहिले तरी दाबात सुमारे १० मिलिबारची, म्हणजे एक टक्क्याची चूक होते.

प्रात्यक्षिक वहीत त्या दिवसाचे तापमान आणि दाब लिहायला दोन रकाने असावेत आणि त्यांवरून काढलेल्या उत्तराला परीक्षकांनी पूर्ण गुण द्यावेत, ही विनंती.

— एक रसायनशास्त्र शिक्षक, छत्रपती संभाजीनगर