मायेची भूक दुय्यम नव्हे

मानवी प्रेरणांवरील रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. आधी अन्न-निवारा, मग प्रेम, ही मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लो यांची १९४३ मधील गरजांची उतरंड त्यात अटळ नियमासारखी आली आहे. ते पटले नाही. हा क्रम ताठर नाही, असे खुद्द मास्लो यांनीच म्हटले होते. त्यांचे गुरू हॅरी हार्लो यांनी आईपासून तोडलेल्या माकडाच्या पिल्लांपुढे दोन ‘आया’ ठेवल्या: एक तारेची, दुधाची बाटली लावलेली, दुसरी मऊ कापडाची, दूध नसलेली. पिल्ले दुधापुरती तारेकडे जात आणि उरलेला बहुतेक वेळ कापडाला बिलगून राहत. (प्रयोग क्रूर होता, हेही नोंदवायला हवे.) म्हणूनच अनाथालयांची तपासणी करताना ताटात काय वाढले, एवढेच पाहू नये, रडणाऱ्या मुलाला उचलून घेणारे माणूस रोज तेच असते का, हेही विचारावे.