डाउनलोड्समधला पसारा

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

प्रवेशाचे अर्ज सुरू झाले की तुझा फोन येणार, "आई, माझं डोमिसाईल, तो अधिवासाचा दाखला, कुठे आहे गं?" ते तुझ्याच मोबाईलच्या डाउनलोड्समध्ये असतं. फक्त त्याचं नाव 'डीओसी-२०२४०७०२-डब्ल्यूए०००३' असतं, आणि त्यातली तारीख व्हॉट्सॲपवर फाईल आली त्या दिवसाची असते, दाखल्याची नव्हे. मग तू एकेक फाईल उघडून बघत बसतेस. वेळ जातो तो तिथे.

एखादा रविवार काढून सगळं लावते, हा बेत सोडून दे. तसा रविवार मिळत नाही. आजवरचं जे काही साठलंय ते न बघता 'जुने' नावाच्या एका फोल्डरात टाक. त्यातलं एखादं काही लागलं, की शोधल्यावर नाव बदलूनच बाहेर काढ. बाकीचं पडून राहिलं तरी काही बिघडत नाही.

नवीन फोल्डर पाचच कर: ओळख, दाखले, शिक्षण, पैसे, घर. त्यांच्या पोटात आणखी एक पायरी चालेल, तिसरी नको. उत्पन्नाचा दाखला 'दाखले'त की 'पैसे'त, यावर विचार करत बसू नकोस, कुठेही टाक. नाव नीट असेल तर सर्चमध्ये दोन सेकंदांत सापडतो. फोल्डरांची उतरंड रचणं हे मला काम टाळण्याचंच एक साधन वाटतं.

खरी मेहनत नावावर घे. क्रम असा: कोणाचं, काय, कागदावरची तारीख. उदाहरणार्थ 'सई_डोमिसाईल_२०२४-०६-१४'. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, आणि जूनला नुसता ६ नाही, ०६. कॉम्प्युटर नावं डावीकडून एकेक अक्षर बघून लावतो. दिवस आधी लिहिलास तर सगळ्या वर्षांतल्या १४ तारखा एकत्र येऊन बसतात. तारखेत तिरकी रेघ घालू नकोस, विंडोज ती नावात घेतच नाही. मी इथे देवनागरीत लिहिलंय, पण तू नाव आणि आकडे इंग्रजीत ठेव, कारण काही पोर्टल देवनागरी नावाची फाईल नाकारतात आणि कारणही सांगत नाहीत. कॉम्प्युटरवर फाईल निवडून एफ-टू दाबलं की नाव बदलता येतं. हे फाईल आल्या आल्या करायचं.

मुदतीच्या कागदाला शेवटची तारीखही नावातच दे. नॉन-क्रिमीलेयर (एनसीएल, आरक्षणासाठी लागणारा दाखला) जास्तीत जास्त तीन वर्षं चालतं आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. 'सई_एनसीएल_वैध-२०२७-०३-३१' असं नाव असलं की फाईल न उघडता कळतं, नवीन काढायचंय की नाही.

'आपले सरकार' या राज्य सरकारच्या पोर्टलवरून आलेल्या दाखल्याच्या पीडीएफला हात लावू नकोस. त्यावर डिजिटल सही असते. प्रिंट काढून पुन्हा स्कॅन केलंस, की उरतं ते सहीचं नुसतं चित्र. पडताळणी होत नाही. फुकटात फाईल लहान करून देणाऱ्या साइटवरून काढली तरी तेच होतं, शिवाय आपला कागद परक्याच्या सर्व्हरवर जातो तो वेगळाच. सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं तर घाबरू नकोस. बहुतेक वेळा तुझ्या पीडीएफ रीडरने सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र ओळखलेलं नसतं, एवढंच. मूळ फाईल तशीच ठेवून तिच्या कॉपीला '_लहान' जोड आणि काय करायचं ते तिच्यावर कर.

लहान करण्याचंही एक गणित आहे. मोबाईलने काढलेला मार्कशीटचा फोटो सहज तीन-चार एमबी होतो, आणि अर्जाला दोन-चारशे केबीच्या आत हवा असतो. पलंगावर ठेवून फोटो काढलास, तर त्यातल्या बऱ्याच केबी चादरीच्या फुलांनी खाल्लेल्या असतात. जेपीजीमध्ये कोरा पांढरा भाग जवळपास फुकटात बसतो, नक्षी महाग पडते. म्हणून आधी कडा काप, मग रंगीत काढून करडं कर, आणि तरीही नाही बसलं तरच क्वालिटी उतरव. उलट्या क्रमाने गेलीस तर आधी आकडेच पुसट होतात आणि चादर तशीच राहते. ए-फोर कागद स्कॅन करताना २०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके) पुरतात. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. फोटो म्हणून पाठवलं की ते स्वतःच दाबून टाकतं.

कागद ऑनलाइन ठेवायचं, २०१५ साली सुरू झालेलं सरकारी डिजिलॉकर वापर, पण त्यातले दोन कप्पे वेगळे आहेत हे ध्यानात ठेव. 'इश्यूड'मधला कागद संबंधित खात्याकडून थेट येतो आणि २०१६ च्या नियमांनुसार मूळ कागदासारखाच धरतात. 'अपलोडेड'मध्ये तू स्वतः टाकलेला स्कॅन असतो, त्याला तसा मान नाही.

गूगल ड्राइव्हला बॅकअप समजू नकोस. मोबाईलवरून ड्राइव्हमधली फाईल उडवलीस की लॅपटॉपवरूनही जाते, आणि कचरापेटीत ३० दिवसच राहते. फुकटची १५ जीबी जागा ईमेल आणि फोटोंमध्येही वाटलेली असते. सेमिस्टर संपलं की पाचही फोल्डर पोर्टेबल हार्ड डिस्कवर उतरव आणि डिस्क घरी ठेव. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यापुरता ठीक, वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये ठेवायला नाही.

तुझी,
आई

ता. क. सायबर कॅफेत अर्ज भरलास तर उठण्याआधी ईमेलमधून आणि डिजिलॉकरमधून लॉगआउट हो, तिथल्या डाउनलोड्समधल्या आपल्या फाईल शिफ्ट-डिलीटने उडव. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष असा असतो. तुला ओळखणारा कोणीही तो उघडू शकतो.