काल्पनिक जमाती आणि टोकदार कान

मा. संपादक,

१९७४ साली अमेरिकेत आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून फासे टाकत, एखादे पात्र होऊन खेळायच्या भूमिका-खेळांत तेच टोकदार कानांचे एल्फ आणि दाढीवाले बुटके फिरत आहेत, कोल्हापुरातली मुलेही खेळासाठी स्वतःचे काल्पनिक जग रचताना त्यांनाच नवा रंग देतात, याचे नवल वाटते. जमात वेगळी ठरते ती काय खाते, कशाला भिते आणि मेलेल्यांचे काय करते, यावरून. पंचगंगेच्या पुरासोबत दरवर्षी गाव हलवणारी, म्हणून दाराला चौकट न बसवणारी आणि कर्जाची मुदत पुरांवर मोजणारी एखादी जमात कल्पून पाहावी. काठावरच्या ऊसवाल्यांशी तिचे भांडण आपोआप जुंपते. लोककथांतल्या जलदेवता साती आसरा आणि पाण्यातले भूत गिऱ्हा घरचेच आहेत, मात्र नुसती नावे उचलून भागणार नाही. शिवाय जमातीचा रिवाज न जुमानणारेही तिच्यात हवेत, नाहीतर खेळणाऱ्याला निवडच उरत नाही.

– एक वाचक, कोल्हापूर