आबांचं इंजेक्शन

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय सुन्या,

आबांना मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर बोर्टेझोमिबचं इंजेक्शन देतात, ते शरीरात करतं तरी काय, असं तू फोनवर विचारलंस. रंकाळ्यावर भेळ खात सांगितलं असतं, पण तू पुण्यात अडकलायस. तेव्हा वाच निवांत.

पेशी प्रोटीन बनवते हे शाळेत घोकलं आपण. ती प्रोटीन मोडतेही, आणि वेळ बघून मोडते, हे कुणी सांगितलं नाही. मोडायच्या प्रोटीनला युबिक्विटिन नावाचं 76 अमिनो आम्लांचं छोटं प्रोटीन चिकटतं, एकामागून एक, साखळीच. मग प्रोटिअसोम नावाचं पोकळ यंत्र त्याला आत ओढून तुकडे करतं. या शोधाला 2004 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

खरी मजा पेशीविभाजनात आहे. 1982 मध्ये टिम हंट हे ब्रिटिश शास्त्रज्ञ सी-अर्चिन या काटेरी समुद्री जीवाची अंडी तपासत होते. त्यातलं एक प्रोटीन वाढायचं आणि अंडं दुभंगायच्या सुमारास गायब व्हायचं. पुन्हा वाढायचं, पुन्हा गायब! तेच सायक्लिन. ते साठलं की विभाजन सुरू होतं, आणि ते मोडल्याशिवाय विभाजन पुरं होत नाही. सेक्युरिन या दुसऱ्या प्रोटीनचंही तसंच. गुणसूत्रांच्या जोड्या सोडवणाऱ्या एन्झाइमला ते अडवून धरतं. प्रत्येक गुणसूत्र दोन्ही बाजूंच्या धाग्यांना नीट जोडलं गेलं, की सेक्युरिन मोडलं जातं. नुसतं बंद केलेलं प्रोटीन चुकून पुन्हा चालू होईल. मोडलेलं म्हणजे गणपतीचा उतरवलेला मांडव, लगेच उभा राहत नाही. म्हणून पेशी अर्ध्यातून माघारी फिरत नाही.

डीएनए तुटला तर उलटा खेळ. पी५३ हे राखणदार प्रोटीन पेशी सतत बनवते आणि सतत मोडते. उधळपट्टी वाटेल, मलाही वाटायची. पण डीएनए तुटताच फक्त मोडणं थांबवायचं, की पी५३ झपाट्यानं साठतं आणि विभाजन रोखून धरतं. तोवर दुरुस्ती. आणि तुटलेल्या जागी तेच युबिक्विटिन वेगळ्या पद्धतीनं जोडलं जातं, मोडायला नव्हे, तर दुरुस्तीच्या प्रोटीनांना बोलवायला. स्तनाच्या कर्करोगामुळं तू नाव ऐकलेलं बीआरसीए१ सुद्धा युबिक्विटिन चिकटवणाऱ्यांपैकीच.

आता आबा. मायलोमाच्या पेशी ढीगभर अँटिबॉडी-प्रोटीन बनवतात, त्यामुळं बिघडलेला मालही भरपूर. बोर्टेझोमिब प्रोटिअसोमलाच अडवतं. मोडायचं ते मोडेना, माल तुंबतो आणि त्या पेशी मरतात. निरोगी पेशींनाही थोडी झळ बसतेच, पण इतकी नाही. 2003 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं औषध आहे हे.

एक मात्र लक्षात ठेव. या औषधानं हातापायांना मुंग्या आल्या, तळवे जळजळले, तर आबा सांगणार नाहीत, जुना पैलवान गडी. तूच रोज विचार आणि डॉक्टरांना कळव, डोस कमी करता येतो. ग्रीन टी आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बाळ्या