क्राकूवच्या शोप्कासाठी हात हवेत, चांदी हवी, थोडे झ्लॉटीही हवेत

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये पोलंडमधल्या आपल्या या क्राकूवच्या रस्त्यांवर लायकोनिक निघतो आणि दुकानदारांकडून खंडणी मागतो. टोकदार टोपी, काळी दाढी, कमरेभोवती लाकडी घोडा, हातात गदा. कॉर्पस क्रिस्तीच्या सणानंतर बरोबर आठवड्याने, गुरुवारी, झ्वेझिन्येत्स भागातून तो नाचत नाचत मुख्य चौकात येतो. त्याच्यामागची दंतकथा 1287 च्या तातार स्वारीची आहे. विस्तुला नदीवरच्या तराफेवाल्यांनी म्हणे तातारांना पळवून लावलं आणि त्यांच्या सरदाराचे कपडे अंगावर चढवून शहरात मिरवले. आजच्या पोशाखाचं मूळ रेखाटन स्तानिस्वाव विस्प्यान्स्की या चित्रकार-नाटककाराचं, 1904 सालचं. गदेचा हलका फटका बसला की वर्ष बरं जातं, म्हणून लोक स्वतःहून पाठ पुढे करतात. चौकात पोचल्यावर शहराच्या महापौरांनाही खंडणी चुकवावी लागते. म्हणजे या शहरात पैसे मागण्याची रीत जुनी आहे आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. त्याच धीरावर, शोप्का म्हणजे इथला नाताळचा देखावा करायला मदत मागण्यासाठी, हे पत्र लिहितो आहोत.

आपल्यापैकी बरेच जण नोकरीच्या निमित्ताने इथे आले आणि रमले. सण तर वर्षभर चालूच असतात. ईस्टरच्या सोमवारी साल्वातोरला एमाउसची जत्रा भरते. मंगळवारी क्राकुसच्या टेकाडावर रेंकावका असते. पूर्वी तिथे श्रीमंत लोक वरून खाली गरिबांसाठी खाऊ आणि नाणी टाकत, आता ढाल-तलवारीवाले जुन्या लढाया करून दाखवतात. मेमध्ये विद्यार्थी काही दिवस शहराच्या किल्ल्या ताब्यात घेतात. जूनच्या सर्वांत छोट्या रात्रीच्या सुमाराला वावेल किल्ल्याखाली नदीत फुलांची कडी सोडतात. 1 नोव्हेंबरला राकोवित्स्की दफनभूमी पणत्यांनी उजळते आणि जुन्या थडग्यांच्या दुरुस्तीसाठी नामवंत मंडळी डबे घेऊन फाटकात उभी राहतात. या सगळ्याला आपण जातो, फोन उंच धरून व्हिडिओ काढतो, गावाकडच्या ग्रुपवर टाकतो आणि ओब्वाझानेक हा इथला कडीसारखा पाव खात ट्रामने घरी येतो. एवढ्यावरच समाधान मानायचं असेल तर पुढचं वाचू नका.

यंदा मंडळाने ठरवलं आहे की डिसेंबरच्या शोप्का स्पर्धेत आपलाही एक शोप्का ठेवायचा.

नवीन आलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. शोप्का म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, पण क्राकूवचा शोप्का जगात दुसरीकडे दिसणार नाही असा. इथे बाळ येशू गोठ्यात नसतो, चक्क राजवाड्यात असतो, आणि तो राजवाडा क्राकूवच्याच इमारतींचे तुकडे जोडून उभा केलेला असतो. सेंट मेरी चर्चचे दोन मनोरे, एक उंच नि एक बुटका, वावेलवरच्या झिग्मुंट चॅपलचा सोनेरी घुमट, सुकिएन्नित्से या चौकातल्या जुन्या कापडबाजाराच्या कमानी, बार्बिकनचे बुरूज. जन्माचा देखावा साधारण मधल्या मजल्यावर बसतो आणि खाली शहराची माणसं येतात: लायकोनिक, वावेलचा ड्रॅगन, 1794 मध्ये याच चौकात शपथ घेणारा पोलिश सेनानी कोश्चुश्को, क्राकूवच्या पारंपरिक पोशाखातली जोडपी. पुठ्ठा, लाकूड, आणि त्यावर चॉकलेटच्या रंगीत चांदीचं मढवण. जवळून पाहिलंत तर एकेका खिडकीची काच ही कुणीतरी चिमट्याने चिकटवलेली चांदीची चकती असते.

ही कला गवंड्यांची आणि बांधकाम कारागिरांची. इथल्या हिवाळ्यात बांधकामं बंद पडत, हाताला काम नसे. मग क्रोवोद्झा आणि झ्वेझिन्येत्सकडचे कारागीर उन्हाळ्यात ज्या इमारती दुरुस्त करत त्यांच्याच प्रतिकृती घरात बसून करत आणि नाताळात त्या दारोदार नेऊन, गाणी म्हणून, बाहुल्यांचा खेळ करून चार पैसे मिळवत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिखाउ एझेनेकिएर या गवंड्याने केलेला शोप्का पुढच्या सगळ्यांसाठी नमुना ठरला. तो इथल्या वांशिक संग्रहालयात आहे, एकदा जाऊन बघाच. स्पर्धा 1937 मध्ये सुरू झाली. युद्धात खंडली, युद्ध संपताच पुन्हा उभी राहिली, आणि पुढे शहराच्या इतिहास संग्रहालयाने ती आपल्याकडे घेतली. 2018 मध्ये युनेस्कोने शोप्काची परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. पोलंडची त्या यादीतली ही पहिलीच नोंद. वावेल नाही, शोपँ नाही, तर पुठ्ठा आणि चांदी! आम्हाला हे फार आवडलं.

डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी सकाळी कवी आदाम मित्सकिएविचच्या पुतळ्याच्या पायऱ्यांवर कारागीर आपापले शोप्का आणून मांडतात. आजोबा असतात, शाळकरी पोरं असतात, तीन-तीन पिढ्या हेच करणारी घराणी असतात. बारा वाजता सेंट मेरीच्या मनोऱ्यावरून तुतारी वाजते, ती नेहमीसारखी मध्येच तुटते, आणि मग मिरवणूक निघते. बर्फ असो, पाऊस असो, हाच दिवस, हीच जागा. या शहरातल्या बाकीच्या उत्सवांना प्रेक्षक चालतो. पण त्या पायऱ्यांवर जागा मिळवायची तर काहीतरी करून आणावं लागतं, आणि नाव-गाव कुठलं का असेना, करून आणलेल्याला ती मिळते. आम्ही याच सणावर बोट ठेवलं ते त्यासाठी.

आणि करणं आपल्याला नवीन नाही. गणपतीचं मखर ज्यांनी एकदा तरी रात्र जागून केलं आहे, त्यांच्या हातांना हे काम ओळखीचं वाटेल: तोच सोनेरी कागद, तेच खांब, शेवटच्या रात्री न लागणारे तेच दिवे. फरक इतकाच की इथे परीक्षक घुमटाच्या कोनापर्यंत बघतात.

आता आपण त्यात काय घालणार? मागच्या बैठकीत यावर बराच वाद झाला. कुणी म्हणालं, एका कमानीत गणपती बसवू. कार्यकारिणीचं मत स्पष्ट आहे: नाही. दुसऱ्याच्या देवघरात आपला देव नेऊन ठेवणं ही भक्ती नव्हे. शोप्का त्यांच्या रीतीने, त्यांच्या नियमाने, मध्यभागी त्यांचा जन्मसोहळा ठेवूनच होईल. पण खालच्या मजल्यावर, जिथे इतिहासातली माणसं उभी असतात, तिथे एक बाहुली आपण आणू शकतो, आणि तिचा हक्क खरा आहे: वळिवड्याच्या छावणीतली पोलिश मुलगी.

कोल्हापूरकरांना हा इतिहास सांगायला नको. बाकीच्यांसाठी: दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून लाखो माणसं सैबेरियाकडे आणि कझाकस्तानकडे हद्दपार केली. त्यातून सुटलेली काही कुटुंबं इराणमार्गे भारतात आली, आणि साधारण 5,000 जण, बहुतेक बायका आणि मुलं, 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिली. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउट पथकं होती. छावणी उठल्यावर त्याच जागी फाळणीतून आलेले सिंधी निर्वासित वसले. आजचं कापडबाजाराचं गांधीनगर ते हेच. वॉर्सामध्ये या छावणीचं स्मारक आहे, 2024 च्या ऑगस्टमध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं तेव्हा टीव्हीवर पाहिलं असेल. वळिवड्याची माणसं बहुतेक पूर्वेकडची होती, क्राकूवची नव्हती, हे आम्हाला ठाऊक आहे आणि शोप्काजवळच्या पाटीवरही तसंच लिहू. पण पोलंडच्या कुठल्याही गोष्टीत मराठी मातीचा खराखुरा धागा शोधायचा तर तो इथेच सापडतो.

आता मागणं.

आधी हात. सुतारकामाची थोडी सवय असलेले दोघं-तिघं, पुठ्ठा सरळ कापता येणारे कितीही, आणि छोटी मोटर, गिअर, एलईडी यांत डोकं चालणारे. इथल्या आयटी कंपन्यांत आपली इतकी माणसं आहेत, आणि आम्हाला हवा आहे फक्त एक गोल फिरणारा लायकोनिक. तेवढं जमायला हवं. शिवणकाम येणाऱ्या काकू, मावशी, आज्या सध्या इथे मुलांकडे आल्या असतील तर त्यांना आग्रहाने घेऊन या. बाहुल्यांचे कपडे बोटभर मापाचे असतात आणि ते तरुणांच्याने होत नाहीत, हा अनुभव आहे.

मग चांदी. आजपासून घरात जे चॉकलेट फुटेल त्याची चांदी नखाने सपाट करून वहीत दाबून ठेवा. लाल, निळी, हिरवी जास्त हवी. सोनेरी पुष्कळ मिळते. मुलांना हे काम सांगितलंत तर चांदीचा तुटवडा होणार नाही, दातांचं मात्र तुमचं तुम्ही बघा.

जागाही हवी. कुणाकडे कोरडं तळघर किंवा गॅरेज असेल आणि तीन महिने देता येणार असेल तर भाड्याचा मोठा खर्च वाचेल.

पैशांचा हिशेब सरळ आहे. लाकूड, पुठ्ठा, गोंद आणि रंग यांना 900 झ्लॉटी, दिवे आणि मोटर यांना 700, जागेचं भाडं 1,400, मुलांच्या कार्यशाळेला 500 आणि अडीअडचणीला 500. एकूण 4,000 झ्लॉटी. जागा फुकट मिळाली तर 2,600 मध्ये भागेल. कुणी 20 दिले तरी चालतील, आणि कुणी एकट्याने सगळे देऊ नयेत अशी विनंती आहे, कारण मग तो एकाच घराचा शोप्का होतो. रक्कम फक्त बँकेतून, मंडळाच्या खात्यावर. खाते क्रमांक सदस्यांच्या ग्रुपवर आहे. पोलंडमध्ये सार्वजनिक जागी रोख वर्गणी गोळा करायची तर सरकारकडे आधी नोंद करावी लागते. तशी आपण केलेली नाही, तेव्हा मंडळाच्या नावाने डबा घेऊन कुणी उभं राहू नये, उत्साहातही नाही. पावत्यांसह हिशेब नाताळाच्या आधी ग्रुपवर टाकू.

भारतातल्या मित्रमंडळींनी पैसे पाठवू नयेत. द्यायचंच असेल तर जुन्या साडीच्या काठाचे आणि जरीचे वीतभर तुकडे, इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत. गांधीनगर-वळिवडे परिसरातल्या कुणाकडे छावणीच्या उरलेल्या इमारतींचे फोटो असतील तर तेही हवेत. बाहुलीमागची भिंत त्यावरून करायची आहे.

आकार ठरला आहे: साधारण साठ सेंटिमीटर उंच, लहान गटासाठी. ट्रामच्या दारातून उभा जायला हवा, हा पहिला नियम. मुलांचा वेगळा छोटा शोप्का होईल, तो त्यांनीच करायचा; आईवडिलांनी कात्री हातात घ्यायची नाही.

पहिली बैठक गणपती विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी दुपारी 3 वाजता. जागा ग्रुपवर कळवू. येताना कात्री, स्टीलची पट्टी आणि साठवलेली चांदी आणा. डिसेंबरचा तो गुरुवार कामाचा दिवस असतो, म्हणून ज्यांना सकाळी चौकात यायचं आहे त्यांनी रजेचा अर्ज आत्ताच टाकून ठेवा.

आपली,
मंडळाची कार्यकारिणी, क्राकूव