शिकवलं म्हणून पेंटिंग संपत नाही बे

प्रिय दोस्ता,

काय बे, सोलापुरातच ड्रॉइंग टीचरची नोकरी लागली आणि आनंद करायचा सोडून रडायलास होय? फोनवर नीट बोलणं होईना म्हणून हे लांबलचक लिहायलोय. शिकवायला लागलं की आपलं पेंटिंग संपतं असं तू म्हणालास, सगळेच म्हणतात, पण मला ते कधी पटलं नाही आणि त्याचं कारण म्हणजे चित्रकार ना. श्री. बेंद्रे.

इंदूरचा मराठी माणूस, १९१० चा जन्म. तिथल्याच चित्रकलेच्या शाळेत देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकले. आपल्या पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन पण तिथंच शिकायला होते, एका मास्तरानं एका गावात राहून काय काय घडवलं बघ. १९५० ला बडोद्याला फाइन आर्ट्सचं कॉलेज नवीन सुरू झालं तेव्हा बेंद्रे पेंटिंग शिकवायला गेले, पुढं डीनही झाले. आणि १९५५ ला त्यांच्या 'काटा' चित्राला नॅशनल अवॉर्ड मिळालं, नोकरीत असताना, कळलं का.

पण मला भारी वाटतं ते त्यांचं शिकवणं. पोरांसमोर स्वतः रंगवून दाखवायचे. आता असला हात डोळ्यासमोर चालताना बघितला की पोरगं त्याचीच कॉपी मारणार ना? तर तसं झालं नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी ज्योती भट्ट प्रिंटमेकिंग (ठशावरून चित्र छापणं) आणि फोटोग्राफीकडं गेले, गावोगावच्या भिंतींवरची, अंगणातली चित्रं कॅमेऱ्यात धरली, गुलाम मोहम्मद शेख गोष्ट सांगणाऱ्या चित्रांकडं वळले. दोघांच्या कामात बेंद्रे शोधायला गेलास तर दमशील. आणि इकडं आपले एलिमेंटरी-इंटरमिजिएटवाले बघ, एका क्लासची सगळी स्थिरचित्रं सारखीच, तोच लोटा, तीच सावली, उजेड कुठनं आलाय ते कुणी बघितलेलंच नसतंय.

आता तू म्हणशील १९६६ ला त्यांनी नोकरी सोडलीच की. सोडली, मुंबईला आले, पूर्ण वेळ रंगवलं, पुढं ती ठिपक्याठिपक्यांची चित्रं केली, म्हणजे रंग आधी कालवून न घेता ठिपके शेजारी शेजारी ठेवायचे आणि मिसळायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडायचं. पण १६ वर्षं शिकवून सोडली ना बे, तू तर अजून मस्टरवर सही पण केली नाहीस.

एक कर, पोरांना फळ्यावरचा आंबा उतरवायला लावू नको. कंबर तलावावर ने, तेही सकाळी लवकर, उन्हाळ्यात तर नक्कीच, कारण आपल्याकडं ऊन चढलं की वॉटरकलरचा दुसरा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, टाकेपर्यंत पहिला खडखडीत वाळतोय आणि कडा धरतोय (कागद आधी ओला करून घे, थोडा टाइम मिळतो). आणि तू नुसतं मागं हात बांधून फिरू नको, त्यांच्यात बसून तू पण काढ. वाकडं झालं तर होऊ दे, सरांचं पण वाकडं होतंय हे पोरांना दिसलं की ती मोकळी होतात.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेला, आपल्या गड्ड्याला येतोय मी. तेव्हा पोरांच्या वह्या नको दाखवू, तू काय काढलंयस ते काढून ठेव.

तुझाच,
मुंबईकर झालेला सोलापूरकर